सम्यकच्या डाव्या डोळ्याचं माप

नीलमच्या खोलीत मुलं रडत नाहीत, अशी तिची ख्याती होती. घाटकोपर पूर्वेला एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांची नजर मोजायचं काम ती अकरा वर्षं करत होती. बाकीच्या खोल्यांतून भोकाड पसरल्याचे आवाज यायचे, नीलमच्या खोलीतून खिदळण्याचे. डॉक्टर देवव्रत नाबर नव्या पालकांना अभिमानानं सांगत, "नीलमकडे पाठवतो, तुमचं पोर हसत बाहेर येईल." कौतुक कुणाला नको असतं? नीलमलाही हवंच होतं. या गोष्टीतलं सगळं नुकसान तिथूनच सुरू झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सम्यक पहिल्यांदा आला तेव्हा पाच वर्षांचा होता. सोबत त्याचे आजोबा, भाऊराव. राहणार मानखुर्दचे, कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटरचं काम करून आता घरी बसलेले. मुलगा विशाल टेम्पो चालवायचा, सून सुलक्षणा चेंबूरला एका पतसंस्थेत कामाला होती. त्यामुळे नातवाची शाळा, डबा, दुखणंखुपणं सगळं आजोबांच्या गळ्यात, आणि आजोबांना ते हवंच होतं. शाळेतल्या तपासणीत कुणीतरी सांगितलं होतं की पोराला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं.

"डोळा तर चांगला आहे की त्याचा," भाऊराव म्हणाले. "पाण्याचा टिपूस नाही का लाली नाही."

"डोळा चांगलाच आहे, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "पण त्याचा नंबर पहिल्यापासून मोठा. मेंदूला त्याच्याकडून धड काही मिळेना, म्हणून मेंदूनं त्याचं ऐकणंच सोडून दिलं. सगळं काम उजव्यावर चाललंय. आम्ही याला आळशी डोळा म्हणतो."

उपाय सांगायला सोपा होता. चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी चिकटवायची, म्हणजे डाव्याला झक मारत काम करावं लागतं. मात्र हे सात-आठ वर्षांपर्यंतच नीट जमतं. त्यापुढे मेंदू हट्टाला पेटतो आणि कितीही पट्ट्या लावल्या तरी फारसं हाती लागत नाही. "म्हणजे आपल्याकडे दोन-तीन वर्षं आहेत," डॉक्टर म्हणाले, आणि भाऊरावांनी ती वर्षं बोटांवर मोजली.

नजर मोजायची रीत अशी. अक्षर न येणाऱ्या मुलांसाठी समोरच्या पडद्यावर चार चित्रं आलटून पालटून दाखवतात: घर, सफरचंद, चौकोन, गोल. मुलाच्या मांडीवर तीच चार चित्रं छापलेला पुठ्ठा असतो. पडद्यावर जे दिसेल त्यावर बोट ठेवायचं. पाच-पाच चित्रांच्या ओळी खाली खाली बारीक होत जातात. चांगल्या डोळ्याचा आकडा सहा-सहा. इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते पाहायला एखाद्याला सहा मीटरवर यावं लागलं, तर तो सहा-साठ. सम्यकचा डावा डोळा सहा-साठ निघाला.

पहिल्या दोन-तीन भेटींत त्यानं नीलमच्या ख्यातीची पार वाट लावली. उजवा डोळा झाकला की तो कावराबावरा व्हायचा. ओळीतल्या पहिल्या चित्रावरून तिसऱ्यावर जायचा, परत यायचा, भलतीकडेच बोट ठेवायचा. एकदा तर त्यानं पुठ्ठा भिरकावून दिला आणि आजोबांच्या पोटात तोंड खुपसलं. "मला नाय येत! मला नाय करायचं!" बाहेर रांगेतले आईबाप माना उंचावून बघायला लागले. हे आत्ता थांबायला हवं, असं नीलमला वाटलं. ते पोराच्या दुःखानं किती आणि बाहेरच्या माना बघून किती, हे तिचं तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

रिमोटवर एक बटण असतं. ते दाबलं की पूर्ण ओळीऐवजी एकच चित्र येतं. नीलमनं ते दाबलं. पांढऱ्या पडद्याच्या मधोमध एकटं घर. सम्यकनं चोरट्या नजरेनं पाहिलं आणि हळूच घरावर बोट ठेवलं. मग सफरचंद. बरोबर. मग गोल. बरोबर.

"अरे, तू तर एकदम हुशार निघालास रे!" नीलम म्हणाली. पोराच्या गालावर पाणी तसंच होतं, पण तो हसला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. नीलमला ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होती. आळशी डोळ्याला एकटं चित्र बरं दिसतं. शेजारीपाजारी आणखी चित्रं आली की तो गोंधळतो, एकाच्या कडा दुसऱ्यात मिसळतात. त्यामुळे सुटं चित्र दाखवून घेतलेलं माप खऱ्याहून चांगलं येतं. खरं माप ओळीतच घ्यायचं, कारण पुस्तकातले शब्द आणि दुकानांवरच्या पाट्या काही त्या डोळ्यासाठी सुट्या होऊन येत नाहीत. अगदी नाइलाज झाला तर सुटं मोजावं, पण आकड्यापुढे 'सुटं' असं लिहून ठेवावं. नीलमनं पहिल्या दोन वेळा तसं लिहिलंही. तिसऱ्या वेळी बाहेर चाळीस मुलं ताटकळत होती. चौथ्या वेळी तिला ते लिहिण्यासारखं वाटलं नाही.

इकडे भाऊरावांनी पट्टीचं काम डोळ्यांत तेल घालून चालवलं होतं. शाळेतून आणलं की दुपारी एकला पट्टी लागायची, ती सातला निघायची. काढताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून कडेनं खोबरेल लावायचे. पट्टीच्या वेळात पोराला टीव्हीसमोर बसवून मोकळं होणं त्यांना पटत नव्हतं. ते ताटात मूठभर मूग आणि मूठभर मटकी कालवायचे आणि सम्यकला ते निवडायला लावायचे. सगळं निवडून झालं की पुन्हा कालवायचे. बिल्डिंगमधली पोरं 'ए काण्या' म्हणायची, तेव्हा भाऊराव स्वतःच्या डोळ्यावरही एक पट्टी लावून त्याला खाली खेळायला घेऊन जायचे. मग पोरं आजोबांनाच हसायची आणि सम्यक सुटायचा.

आकडे वर चढत गेले. सहा-छत्तीस, सहा-अठरा, सहा-बारा. सव्वा वर्षानं नीलमनं सहा-नऊ लिहिलं. डॉक्टरांनी शेवटचा आकडा पाहिला, पट्टी आधी दोन तासांवर आणली आणि मग बंद केली. भाऊरावांनी पेढे आणले. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना स्वतःच्या हातानं दिले.

त्या दिवशी निघताना ते दारात घुटमळले. "मॅडम, एक विचारू का? पाटीवर एकच अक्षर काढून दिलं तर पट्टी लावून फडाफडा सांगतो. पण पुस्तकातली ओळ दिली की अडतो. असं कसं?"

नीलम हसली. "कंटाळा हो, आजोबा! अभ्यास कुणाला आवडतो?"

भाऊरावही हसले. शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या नजरेवर पाणी सोडलं.

पुढे दर तीन महिन्यांनी सम्यक येत राहिला. नीलम सुटी चित्रं दाखवत राहिली, सहा-नऊ लिहीत राहिली. असे दहा महिने गेले.

सम्यकला सातवं संपून आठवं लागलं आणि त्याच आठवड्यात नीलम भावाच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होती. तिच्या खुर्चीत गार्गी बसली होती. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, पुस्तकात लिहिलंय तसंच करणारी. तिनं पूर्ण ओळ लावली. सम्यकचा डावा डोळा सहा-चोवीसवर अडला. तिनं तेच लिहिलं.

रजेवरून आल्यावर नीलमनं फाईल पाहिली आणि आधी गार्गीचीच हजेरी घेतली. "अगं, घाबरवलंस का त्याला? तो बुजरा आहे. सहा-नऊचं पोर आहे ते."

"नाही मॅडम, छान बोलत होता. दोनदा घेतलं मी," गार्गी म्हणाली. "सर म्हणाले, पट्टी थांबवल्यावर काहींची नजर परत उतरते, तसं असेल. त्यांनी चष्म्याचं विचारलं, तर आजोबा म्हणाले गावी लग्नात फ्रेम मोडली होती, आठ दिवस चष्मा नव्हता. खूप वाईट वाटलं त्यांना."

नीलमनं फोन करून दोघांना पुन्हा बोलावलं. आपण मोजलं की गार्गीची चूक उघडी पडेल, अशी तिची खात्री होती. भाऊराव आले, पण नेहमीचा खणखणीत "जयभीम, मॅडम" आज जेमतेम ऐकू आला. सम्यक उडी मारून खुर्चीत बसला. नीलमच्या अंगठ्याला सवयीनं ते बटण सापडलं. घर, बरोबर. चौकोन, बरोबर. सहा-नऊ. तिनं विजयानं गार्गीकडे पाहिलं.

"मॅडम, ओळीत घेऊ या ना?" गार्गी हळूच म्हणाली.

नीलमनं ओळ लावली. सम्यक थांबला. मान वाकडी केली, डोळा बारीक केला, बोट पुठ्ठ्यावरून फिरत राहिलं. मग त्यानं नीलमकडे पाहिलं. ती नेहमीसारखी मदत करील, याची तो वाट पाहत होता. चुकला. पुन्हा चुकला. सहा-अठरालाही चुकला. सहा-चोवीसला कसाबसा टिकला.

नीलमला कळून चुकलं. नजर उतरलीच नव्हती, कारण ती कधी तेवढी चढलीच नव्हती. दहा महिन्यांपूर्वी पट्टी बंद केली तेव्हाही हा डोळा ओळीत असाच अडला असता. भाऊरावांनी दारात उभं राहून विचारलेला प्रश्न तिला शब्दन् शब्द आठवला. पुस्तकात जे ती शिकली होती, ते त्या माणसानं पाटी-पेन्सिलीवर स्वतः शोधून तिच्यापुढे आणून ठेवलं होतं, आणि तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

"माझ्याच हातनं झालं, मॅडम," कोपऱ्यातून भाऊराव म्हणाले. "जालन्याकडे गावी लग्न होतं. तिथं पोरापोरांत फ्रेम मोडली. तालुक्याला जाऊन करून आणायला हवी होती. म्हटलं आठ दिवसांनी काय होतंय. सून बोलत नाही माझ्याशी."

हीच वेळ होती. तोंड उघडायचं होतं आणि चार वाक्यं बोलायची होती. नीलमला ती वाक्यं तयार सापडलीही. पण समोर गार्गी उभी होती, अकरा वर्षांचं नाव उभं होतं, आणि तिच्या तोंडातून निघालं, "असू दे, आजोबा. पट्टी पुन्हा सुरू करू. बघू या."

भाऊरावांनी मान खाली घातली. त्या 'असू दे'चा अर्थ त्यांनी एकच घेतला. दुसरा कोणता घेणार?

ती संध्याकाळी डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी फाईल उघडून सगळे आकडे पुन्हा पाहिले.

"उतरलीही असेल थोडी," ते म्हणाले. "छातीठोक कोण सांगणार?"

"मी सांगू शकते, सर. सुटं अजूनही सहा-नऊच आहे. काही उतरलेलं नाही."

"आणि सांगून डोळा येणार आहे का?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मीही कधी विचारलं नाही, कसं मोजलंस म्हणून. आकडा चांगला होता, मला बरं वाटलं. तुझं तू ठरव, नीलम. मी अडवणार नाही."

अडवलं असतं तर तिला बरं झालं असतं. दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं. ठरवण्यात तिनं पंधरा दिवस घालवले. रोज सकाळी आज फोन करू म्हणायची आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायची. घरी भाजी खारट झाली, मुलाच्या वहीवर सही राहिली, पण फोन झाला नाही.

पुढच्या तारखेला सम्यकला सुलक्षणा घेऊन आली. अर्धा दिवस सुट्टी काढून, घामाघूम.

"आजोबा?" नीलमनं विचारलं.

"मामांना नाही पाठवणार आता." सासऱ्यांना ती मामा म्हणत असे. "पट्टी पण मीच लावते सकाळी. त्यांच्या भरवशावर सोडलं आणि पोराचा डोळा गेला. ते काही बोलत पण नाहीत, गप बसून राहतात. जेवण पण नीट नाही. पण माझं काय चुकलं, सांगा ना? आई आहे मी."

सम्यक खुर्चीत पाय हलवत होता. नीलमनं त्याला गार्गीबरोबर बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि सुलक्षणासमोर बसून सांगितलं. कसं मोजायला हवं होतं, कसं मोजलं, का मोजलं. आठ दिवस चष्मा नसल्यानं इतकं कधीच होत नाही, आणि आजोबांच्या पट्टीमुळेच डोळा सहा-साठवरून सहा-चोवीसपर्यंत आला, हेही सांगितलं.

सुलक्षणाचा चेहरा लाल झाला. "तुम्हांला माहीत होतं? मॅडम, मी त्या माणसाला नाही नाही ते बोललेय. जेवायला बसलेले असताना बोललेय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला काय सांगता? जाऊन त्यांना सांगा."

शनिवारी दुपारी नीलम मानखुर्दला गेली. पुनर्वसनाच्या इमारतींतली सहाव्या मजल्यावरची खोली. दार सुलक्षणानंच उघडलं. तिनं घरात काही सांगितलेलं नव्हतं. ते ओझं तिनं नीलमसाठीच ठेवलं होतं. सम्यक पट्टी लावून जमिनीवर पालथा पडून रंग भरत होता. भाऊराव खिडकीपाशी बसले होते. पंधरा दिवसांत गळ्याची हाडं वर आली होती. नीलमला पाहून ते धडपडत उठले. "मॅडम! तुम्ही? बसा, बसा. काय झालं? डोळ्याचं काही...?"

"तुम्ही बसा, आजोबा," नीलम म्हणाली, आणि उभ्यानंच बोलायला लागली. इथं येईपर्यंत तिनं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही तिच्या कामी आलं नाही. शेवटी तिनं एवढंच सांगितलं, "तुमची चूक नव्हती. एक दिवसही नव्हती. मी माप चुकीचं घेतलं. तो रडू नये म्हणून सोपं करून घेतलं, आणि तेच खरं म्हणून लिहिलं. दहा महिने पट्टी चालायला हवी होती, ती माझ्यामुळे बंद राहिली."

सुलक्षणा ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"आता डोळा येईल?" भाऊरावांनी विचारलं.

"थोडा येईल. अजून वय आहे. पण पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही. दहा महिन्यांपूर्वी जास्त आला असता."

म्हाताऱ्यानं मान हलवली. डोळे भरून आले होते, पण नजर तिच्यावरून हलली नाही. "तुम्हांला कळलं कधी?"

या प्रश्नाची नीलमनं तयारी केली नव्हती. "त्याच दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही कोपऱ्यात बसला होता, तेव्हाच."

"मी म्हटलं, माझ्या हातनं झालं. तुम्ही ऐकलंत."

"हो."

"वर्कशॉपात माझंही माप चुकायचं, मॅडम," भाऊराव सावकाश म्हणाले. "तीस वर्षांत पुष्कळदा. दांडा एक सूत जास्त घासला गेला की गेला, परत चिकटवता येत नाही. पण मी त्याच पाळीत मुकादमाला सांगायचो. शिव्या खायचो. कारण न सांगता ठेवलं तर तो दांडा पुढे मशीनमध्ये बसतो, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी हात जातो." त्यांनी सम्यककडे पाहिलं. "माप चुकलं त्याचं मला काही नाही. तुम्ही पोरावर माया केली, मला दिसत होतं. पण पंधरा दिवस मी माझ्या घरात चोरासारखा राहिलो. नातवाकडे बघायची लाज वाटायची. ते तुम्ही चालू दिलंत."

नीलमच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही आणि माफीही मागितली नाही. मागितली असती तर त्या भल्या माणसानं ती लगेच देऊन टाकली असती, हे तिला ठाऊक होतं.

सुलक्षणा ओट्यापासून वळली. सासऱ्यांच्या समोर येऊन खाली बसली आणि त्यांच्या पायांवर हात ठेवून रडू लागली. "उठ गं, उठ," भाऊराव म्हणाले. "पोर बघतंय." सम्यक खरंच एका डोळ्यानं तिघांकडे बघत होता.

नीलम निघाली तेव्हा भाऊराव दारापर्यंत आले.

"पट्टी मी लावीन आता," ते म्हणाले. "आणि मंगळवारी मीच घेऊन येईन त्याला. पण माप त्या लहान मॅडमना घेऊ द्या. तुम्ही नका घेऊ."

"बरं, आजोबा."

"राग म्हणून नाही सांगत. तुमच्यासमोर त्याला बरोबर यायचीच सवय लागली आहे. तुमच्याकडे बघत बसेल. आता त्याला चुकू द्यायला लागेल, आणि ते तुमच्याच्यानं बघवणार नाही."

नीलमला बोलायचं होतं की बघवेल, मी बघेन. पण तिच्या शब्दावर या घरानं आधीच दहा महिने काढले होते. ती "हो" म्हणाली आणि जिना उतरायला लागली.